वरच्या दोन गाठी

"पाव्हणं, ह्यो पाय माझाच हाय का बघा जरा," मायाप्पा खालून ओरडला. "दुसऱ्याच अंगाला त्वांड करून बसलाय."

माणूसच तसा होता. दोन पुरुष उंचीवरून दगडांत पडला होता, तरी जिभेचं वळण गेलं नव्हतं. मी कड्याच्या काठावर पालथा पडून खाली पाहिलं. धुक्यात आधी त्याचा लाल पटका दिसला, मग तो दिसला. ज्या मेंढीसाठी तो खाली उतरला होता ती त्याच्या शेजारी उभी राहून गवत खात होती.

मायाप्पा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, बनाबाईचा नवरा. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला दाजी म्हणायचो. त्या साली रोगानं त्याची निम्मी मेंढरं मेली, तेव्हा उरलेली घेऊन तो आमच्या तळाबरोबर आला होता. आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत वर यायचं, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता. त्या साली पाऊस लांबला, निघायला उशीर झाला आणि पौषानं आम्हाला घाटमाथ्यावरच गाठलं. सकाळी पालांच्या कापडावर दहिवर इतकं गोठलेलं असायचं की कापड हातात पापडासारखं मोडायचं. जवळचं गाव खाली कोकणात, नाळ म्हणजे कड्यातली अरुंद दगडी वाट उतरून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर.

मी वेलींना धरून खाली उतरलो. डावा पाय गुडघ्याखाली जिथं सांधा नसतो तिथं वळला होता. हाड बाहेर आलं नव्हतं. कातडी खरचटली होती, रक्त थोडंच होतं.

"काय म्हनतुया पाय?"

"मोडलाय, दाजी."

"त्ये मलाबी कळतंय. नीट हुईल का?"

"माझ्या हातात आलाय म्हंजी हुईल की."

हे मी सहज बोललो. तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि मेंढरांचे पाय बांधण्यात माझं नाव होतं. मेंढरू कड्यावरून पडतं, दगडात पाय अडकून मोडून घेतं, हे आमच्याकडे रोजचंच. बाराव्या वर्षापासून मी ते बांधत आलो होतो. शेजारच्या तळांवरची माणसं मेंढरू खांद्यावर टाकून दोन-दोन कोस चालत माझ्याकडं यायची. "धुळाच्या हाताला गुण हाय" हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझे हात मलाच कुणा दुसऱ्याचे, मोठ्या माणसाचे वाटायचे.

मी शीळ घातली. थोड्या वेळानं माझे चुलते आबा दोन गडी आणि घोडं घेऊन खालच्या वाटेनं आले. आबा तळाचे प्रमुख. कधी हलायचं, कुठं बसायचं, सगळं तेच ठरवायचे. पाय बघून त्यांनी डोक्यावरचा पटका काढून परत नीट बांधला. घाबरले की ते तसं करायचे.

मी कारवीच्या सरळ काठ्या तोडल्या, उभ्या चिरून त्यांच्या कामट्या केल्या. विळ्यानं त्याच मेंढीची पाठीवरची लोकर कापली. घोड्यावर कोकरं कोंडायची वाघर होती, म्हणजे वाखाच्या दोरीची जाळी. तिची दोरी काढून घेतली. मग आबांना मायाप्पाच्या काखेत हात घालून धरायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी घोटा धरला.

"दाजी, तिकडं धुक्यात बघा."

"धुक्यात काय बघू? बायकू दिसती का तुमची?"

मी ओढला. आतून ओली काठी मोडल्यासारखा आवाज आला आणि मायाप्पाची मान आबांच्या छातीवर पडली. तो शुद्धीवर यायच्या आत मी हाड चाचपून सरळ केलं, भोवती लोकर गुंडाळली, कामट्या लावल्या आणि बांधायला घेतलं. गुडघ्याखाली चार गाठी, गुडघ्यावर दोन. प्रत्येक गाठ मारताना मी पाय रोवून दोरी ओढत होतो. मेंढराला तसंच बांधावं लागतं. ते एका जागी बसत नाही, दुसऱ्या दिवशी कळपाबरोबर चालायला लागतं. गाठ सैल राहिली तर हाड हलतं.

मग त्याचंच घोंगडं दोन काठ्यांना बांधून डोली केली आणि चौघांनी उचलून तळावर आणली.

पालापुढं बनाबाई भाकरी थापत होती. तिनं डोली पाहिली, उठली, पिठाचे हात तसेच धरून जवळ आली. रडली नाही. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पायाकडं, मग माझ्याकडं.

"तू बांधलास?"

"व्हय."

"मग बरं," ती म्हणाली आणि आगीजवळ अंथरूण घालायला गेली. तिचाही माझ्या हातांवर तेवढाच विश्वास होता.

आबांनी मला बाजूला नेलं.

"धुळा, नाळ उतरून गेलं की सडकंवर दवाखाना हाय. अजून दिस हाय, डोलीबी तयार हाय. न्हेऊ या का?"

"कशापायी? मेंढरू न्हेतुय का आपुन दवाखान्यात?"

"तू मेंढरू न्हाय बांधलंस."

"हाड त्ये हाडच असतंय, आबा. तितं न्हेलं तर त्ये पयलं सोडून बघत्याल. मग ऱ्हायलं का काय?"

आमच्या तळावर याबाबत एक रीत होती. बांधलेला पाय अकराव्या दिवसापर्यंत उघडायचा नाही. उघडायचा तो ज्यानं गाठ मारली त्यानंच. बाईमाणसाचा तर हातही लागू द्यायचा नाही. मेंढरांसाठी ठरलेली रीत, पण ती फक्त मेंढरांसाठी आहे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण तोवर आमच्यात माणसाचा पाय मोडला नव्हता. आबांनी धुक्याकडं पाहिलं, व्यायला आलेल्या मेंढ्यांकडं पाहिलं. चार गडी डोलीला दिले तर तळावर कोण राहणार, हेही त्यांच्या मनात असणार.

"तुझ्या हातावर सोडतुय मग," ते म्हणाले.

दुपारनंतर मायाप्पाच्या पायानं पेट घेतला. आधी तो दात खाऊन पडला, मग घोंगड्याचा कोपरा तोंडात धरला, मग ओरडायलाच लागला. थट्टा बंद झाली. मेंढरांनी माना वर करून बघावं असा तो ओरडत होता.

"दादा," बनाबाई म्हणाली, "कामट्या मांसात शिरल्यात बघ. गाठीच्या वरखाली पाय फुगलाय. येवडुशी सैल कर."

"सुज येतीच. मोडलाय न्हवं?"

"येवडुशीच म्हनती मी. एक येढा."

"बने, तू भाकरी बघ. ह्यातलं कळतंय का तुला?"

"मला न्हाय कळत. पर त्यास्नी कळतंय की. त्येंचाच पाय हाय न्हवं त्यो?"

"मेंढरू वरडत न्हाय म्हून त्येला दुखत न्हाय का? त्येबी सोसतंच," मी म्हणालो आणि शेजारचे गडी हसले. मायाप्पाही मधेच तोंडातलं घोंगडं काढून म्हणाला, "ब्यॅ." त्यावर सगळेच हसले. बनाबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ओरडणं थांबलेलं. मायाप्पा आगीजवळ टेकून बसला होता आणि हातावर तंबाखू मळत होता.

"काय दाजी?"

"थांबलं," तो म्हणाला. डोळे खोल गेले होते, पण तोंडावर हसू होतं. "पाटंपस्नं थांबलं बघा. आता तर पाय हाय का न्हाय त्येबी इसरलोय. कुना दुसऱ्याचाच वाटतुय."

मी आबांना हाक मारली. आबांनी बिरोबाचं नाव घेऊन कपाळाला भंडारा लावला, मायाप्पाला लावला आणि मलाही लावला. गडी येऊन बघून गेले. एकानं माझा हात धरून वर केला आणि म्हणाला, "ह्येला म्हनत्यात हात." मला फार बरं वाटलं. आयुष्यात त्या सकाळइतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

मी वाकून बोटं चाचपली. गार होती. पण त्या सकाळी कुणाची बोटं गार नव्हती? माझ्या स्वतःच्या पायाचा अंगठा चिमटला तरी कळत नव्हतं. अंगठ्याचं नख काळपट दिसलं, ते धुरानं असेल असं मला वाटलं. मी त्याच्या पायावर चिंधी गुंडाळली आणि पाऊल आगीच्या जवळ सरकवून दिलं.

"शेका जरा. थंडीनं बधिर झालाय."

मी मेंढरं सोडायच्या तयारीला लागलो. मायाप्पा गड्यांना लग्नातली कसलीतरी गोष्ट सांगत होता. त्याच्या मामाच्या लग्नात घोडं नवरदेवाला घेऊन मांडवाऐवजी पाणवठ्यावर गेलं, ती. सगळे हसत होते. बनाबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि थबकली.

"कसला वास येतुय?"

लोकर जळल्याचा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिनं घागर टाकली आणि धावत जाऊन मायाप्पाचं पाऊल धरून बाजूला ओढलं. चिंधी विस्तवाला लागून धुमसत होती. तिनं ती उपटून काढली. करंगळी आणि शेजारचं बोट पांढरं पडून त्यांची कातडी सुटली होती.

मायाप्पानं वाकून बघितलं.

"आगं, मला कळलंच न्हाय," तो म्हणाला आणि हसला. मग परत बघितलं. मग हसला नाही.

गडी एकेक करून उठले. बनाबाईनं माझ्याकडं पाहिलं.  मला उत्तर द्यायला हवं होतं, पण मी काठी घेतली आणि म्हणालो, "थंडीनं व्हतंय तसं. लोनी लाव." आणि मेंढरांमागं निघून गेलो.

दिवसभर मन लागलं नाही. मेंढराचा खूर आगीजवळ ठेवला तर ते पाय ओढतं का, हे मी आठवून बघत होतो. आठवेना. मेंढराचा पाय बांधल्यावर मी कधी परत त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं, अकराव्या दिवसापर्यंत. तिसऱ्या प्रहरी मी मेंढरं दुसऱ्यावर सोपवून तळावर परत आलो.

पालात बनाबाई नवऱ्याच्या पायाशी गुडघे टेकून बसली होती. हातात विळा होता. गुडघ्यावरच्या दोन्ही गाठी तिनं कापल्या होत्या आणि विळा तिसऱ्या गाठीखाली घातला होता. कामट्यांची वरची टोकं पसरली होती. मधून मांडी दिसत होती, आणि मांडीवर दोरीचे वळ इतके खोल होते की त्यांत बोट बसलं असतं.

"बने!"

ती थांबली नाही. विळा पुढंमागं करत राहिली. माझ्या हातात काठी होती. मी ती तिच्या हातावर मारली. विळा पडला. तिनं हात छातीशी धरला, पण दुसऱ्या हातानं पुन्हा विळ्याकडं झेपावली. मी विळ्यावर पाय ठेवला.

"मारायचंय का त्यास्नी तुला?"

"पाय काळा पडाय लागलाय दादा. खाली बघ. नकं बघ."

"धुरानं हायती."

"मी पुसून बघितली. धुर न्हाय त्यो."

"अकरा दिस गाठ उघडायची न्हाय, आन तू... बाईमानसाचा हात! हाड सुटलं तर कोन बसवील?"

"हाडाचं मी काय म्हनत न्हाय. हाड ऱ्हाऊ दे तसंच. दोरी तेवडी सोड. तुज्या हातानं सोड, माज्या नगं." तिनं दोन्ही हात जोडले. उजव्या हाताची दोन बोटं आत्ताच सुजायला लागली होती. "मी परत कंदी काय मागनार न्हाय तुला."

मी खाली बसलो. तिला वाटलं मी सोडणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण पालाच्या तोंडाशी ओरडा ऐकून दोन गडी आणि त्यांच्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी कापलेल्या दोरीची टोकं हातात घेतली आणि वरच्या गाठी परत बांधायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," मायाप्पा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "वर जरा बरं वाटतंय. खालचं असू द्या तसंच. तुमी बांदलंय म्हंजी बरूबरच असंल."

एवढंच झालं. वरच्या दोन सुटलेल्या राहिल्या आणि खालच्या चार तशाच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप भरला आणि पालात शिरलं की नाकाला पदर लावावा असा वास यायला लागला. आबांनी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी डोली आणायला सांगितली. आम्ही चौघं नाळेतून उतरलो. दगड दहिवरानं निसरडे झाले होते. मागून बनाबाई येत होती. तिच्या हाताची बोटं वळत नव्हती म्हणून तिनं तो हात पदरात बांधला होता. सबंध वाटेवर मायाप्पा तापात मेंढरं हाकत होता, "हुर्र, हुर्र" करत. खाली पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर तरुण, चष्म्याचा. त्यानं दारातूनच वास घेतला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मला तेवढं थांबवलं, कारण मी म्हणालो होतो की बांधलंय मी. बऱ्याच वेळानं त्यानं एक कागद पुढं केला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. त्यात काय आहे ते त्यानं वाचून सांगितलं आणि मी अंगठा दिला.

मी बाहेर आलो. ओट्यावर आबा होते, दोन गडी होते आणि खांबाला टेकून बनाबाई होती.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"कापाय लागतुय. गुडघ्याखाली."

 मग आबांनी पटका काढून परत बांधला आणि म्हणाले, "हिनं गाठी सोडल्या म्हनं काल?"

मी बनाबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, उलट काहीतरी ऐकायला मिळेल अशी आशा होती. डॉक्टर काय म्हणाला हे मीच फक्त ऐकलं होतं.

"सोडल्या हुत्या," मी म्हणालो.

"तितंच घात झाला," आबा म्हणाले.

मी खोटं बोललो नाही. गाठी तिनं सोडल्याच होत्या. आबांनी विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं, आणि त्यापुढं तोंड मिटलं. हे पुढची कितीतरी वर्षं मी मनाशी घोकत आलो.

आम्ही तळावर परतायच्या आधीच पुढं गेलेल्या गड्यांच्या तोंडून ती गोष्ट तळावर पोचली, तळावरून गावाला आणि गावावरून मायाप्पाच्या माणसांत. बायकोनं रीत मोडली, गाठ उघडली, पाय गेला. मायाप्पा चाळीस दिवसांनी कुबडी घेऊन बाहेर आला. मेंढरांमागं चालू न शकणारा धनगर काय करणार? मेंढरं विकली आणि भावाच्या वस्तीवर बसून राहिला. पहिल्या साली त्यानं बनाबाईला नांदवलं. दुसऱ्या साली तिच्या हातचं पाणी घेईनासा झाला. तिसऱ्या साली त्याचा भाऊ तिला माझ्या दारात सोडून गेला. तिला मूलबाळ नव्हतं.

माझ्यावर मात्र मायाप्पाचा जीव होता. जत्रेत भेटला की चारचौघांत माझा हात धरून सांगायचा, "ह्यो हात! ह्येनं हाड असं बसीवलं हुतं की डाक्टरबी चकित झाला. माझ्या नशिबात न्हवतं, त्येला पाव्हण्यानं काय करावं?" लोक माना हलवायचे. पुढं मी तळाचा प्रमुख झालो. मेंढरांचे पाय बांधत राहिलो, पण दोरी कधी ओढून बांधली नाही, आणि रोज उघडून खूर चाचपायला लागलो. लोक म्हणाले, वयानं हात सैल पडला.

डॉक्टर मला आत काय म्हणाला ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्यानं कामट्या काढल्या, पाय निरखून पाहिला आणि म्हणाला, "हाड कुणी बसवलं?"

"म्या."

"छान बसवलंय. हाडानं हा पाय गेला नसता. बांधलंस मात्र जनावरासारखं. रक्त खाली उतरायलाच जागा ठेवली नाहीस. दुखायचं कधी थांबलं?"

"काल पाटं."

"तेव्हा पाय मेला," तो म्हणाला. "तुम्हाला वाटलं असेल, बरा झाला." मग त्यानं गुडघ्यावरच्या वळांवर बोट ठेवलं. "या वरच्या दोन कुणी सोडल्या?"

"माझ्या बहिणीनं. त्याच्या बायकूनं."

"तिला सांग, तिच्यामुळं गुडघा वाचला. या दोन राहिल्या असत्या तर मांडीतून कापावा लागला असता, आणि माणूस वाचला असता की नाही मला सांगता येत नाही. परवा दुखत होतं तेव्हाच सगळ्या सोडल्या असत्या तर पायच राहिला असता." आणि दार उघडताना परत म्हणाला, "सांग हं तिला."

बनाबाई माझ्या घरात एकतीस वर्षं राहिली. माझ्या बायकोची बाळंतपणं तिनं केली, माझी पोरं तिनं वाढवली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी पुरती मिटली नाहीत. भाकरी थापताना ती तेवढी वर राहायची. मी रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली. लग्नकार्यात हळद लावायला तिला कुणी बोलवत नव्हतं. लोक म्हणायचे, हिचा हात वाईट. ते माझ्या कानांवर यायचं आणि मी कुणाला काही म्हणायचो नाही.

शेवटी ती आजारी पडली. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला पेज भरवत होतो. मधेच तिनं तोंड बाजूला केलं.

"दादा, त्या डाक्टरनं तुला एकट्यालाच आत घेटलं हुतं. काय सांगत हुता इतका येळ?"

मी चमचा धरून बसलो.

"कागदाचं सांगत हुता."

"आसंल," ती म्हणाली.  "मला येक सारखं वाटतंय बघ. म्या सगळ्याच गाठी सोडाय पायजे हुत्या. तू आला नसतास तर सोडल्या आसत्या."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. आबा जाऊन वीस वर्षं झाली होती, माझ्या हाताच्या गुणाचं आता कुणाला काय पडलं होतं? चार शब्द होते.

"उगं बोलू नगं," मी म्हणालो. "दमशील."

तिनं पेज घेतली. चौथ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला मायाप्पा आला. म्हातारा झाला होता, कुबडीनं खांदा वाकडा झाला होता. नदीवर सगळं उरकेपर्यंत तो दगडावर बसून राहिला. मग मला हाक मारली. मी शेजारी बसलो. त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला, त्याची जुनी सवय. भोवती दोन्हीकडची माणसं उभी होती.

"पाव्हणं," तो म्हणाला, "जल्मभर म्या तिचा राग धरला. आता मानूस गेलं, आता कशाला ठिवायचा? तिनंबी काय वैरानं केलं न्हवतं. बाईमानूस, कळलं न्हाय तिला." त्याचे डोळे भरले होते. "म्या तिला माफ केलं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी त्याच्या हातातला माझा हात बघत होतो.

"बरं केलंत, दाजी," मी म्हणालो.